आबासाहेबांचा ळ

पहिलीच्या वर्गावर मी ळ शिकवत होते तेव्हा खिडकीबाहेर आबासाहेबांचा आवाज आला. "माझ्या भिवंडीकर बंधू-भगिनींनो. मी कमांडर भवानराव इनामदार बोलतोय." माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती. निजामपुऱ्यातल्या आमच्या शाळेला तिन्ही बाजूंनी कापडाचे लूम आहेत. त्यांचा खडखडाट इतका सवयीचा झालेला की तो ऐकूच येत नाही, पण त्यातून वर येणारा दुसरा कुठलाही आवाज मात्र कानाला टोचतो. मी फळ्यावर 'बाळ' लिहून म्हणवून घेत होते आणि उत्तरेकडून आलेल्या लूम-कामगारांची ती मुलं जीव तोडून 'बाल, बाल' म्हणत होती. बाहेरचा आवाज एक तुकडा बोलून थांबला. आबासाहेब तसेच थांबत. वारा वाक्य खाऊन टाकतो, म्हणून तुकड्या-तुकड्याने बोलायचं, ही त्यांची जहाजावरची सवय. तेवढ्या थांबण्यात माझ्या सगळ्या वर्गाने, बाई काहीतरी म्हणायला सांगताहेत अशा समजुतीने, एका सुरात म्हटलं, "मी कमांडर भवानराव इनामदार बोलतोय." मला खरं तर हसू यायला हवं होतं. मी घाबरले. "काल कठीण आहे," आवाज म्हणाला, "पण वेल आपली आहे." मुलांनी तेही म्हटलं. काल आणि वेल. कुठेच जीभ वळवायची नसल्यामुळे अगदी बिनचूक म्हटलं. कर्णा लावलेली प्रचाराची रिक्षा पुढच्या बोळात वळली. मी फळा पुसला आणि चित्रं काढा म्हणून सांगून खुर्चीवर बसले.

मेलेला माणूस बोलला म्हणून मी घाबरले नव्हते. मेलेल्यांची गाणी घरोघर वाजतात, त्यात काही नाही. तो आवाज आबासाहेबांचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. ती पंच्याऐंशीच्या निवडणुकीतली कॅसेट, आणि बोलणारा माझा भाऊ. या गोष्टीला तीनच साक्षीदार होते: आमची आई माई, भाऊ आणि मी. चौथा आबासाहेबांचा कार्यकर्ता काळूराम, पण त्याला विचाराल तर तो गळ्याची शपथ घेऊन सांगेल की सायबांचाच. आता भाऊ स्वतःच अपक्ष म्हणून उभा होता आणि त्याने ती कॅसेट पुन्हा बाहेर काढली होती. इथपर्यंत ठीक. पण खुर्चीवर बसून मी खरे आबासाहेब आठवायला गेले, माझं नाव घेऊन हाक मारणारे, भाजीला मीठ नाही म्हणून कुरकुरणारे, आणि प्रत्येक वेळी कानात तोच रिक्षातला आवाज बोलला. खरा कुठे सापडेना. माझे वडील दुसऱ्यांदा जाताहेत असं मला वाटलं, आणि या खेपेला रडायला कुणी जमणार नव्हतं.

आबासाहेब घाटावरच्या जहागीरदारांपैकी. जहागीर आजोबांच्या हयातीतच नावापुरती उरली होती, पण ऐट शिल्लक होती, म्हणून त्यांना लहानपणीच डोंगरातल्या इंग्रजी शाळेत टाकलं आणि तिथून ते थेट नौदलात गेले. या सगळ्या थोरपणात त्यांचा ळ राहून गेला. 'पोली वाढा', 'केली आणा' असं चालायचं. माझं नाव कुलस्वामिनीवरून हौसेने तुळजा ठेवलं त्यांनीच, आणि तुलजा म्हटलं तेही त्यांनीच. निवृत्त झाल्यावर माईच्या माहेरच्या खाडीकाठच्या जमिनीवर त्यांनी बंगला बांधला. गच्चीला ते ब्रिज म्हणत, कप्तान जहाज हाकतो ती जागा. तिथे कठड्याला टेकून ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाकडे असे बघत, की हा कुणाला विचारून उघडा पडला. पुढे बंगल्याच्या मागे लूमचे कारखाने आले. माई वैतागली, आबासाहेब खूष झाले. म्हणाले, आता झोप लागेल, खाली इंजिन चालू आहे. शुक्रवारी लूमला सुट्टी. गावभर शांतता पसरली की ते बेचैन व्हायचे, ब्रिजवर येरझारा घालायचे आणि दिसेल त्याला विचारायचे की जहाज का थांबलंय. आम्ही ती थट्टाच समजत होतो.

राजकारणात त्यांना ओढलं ते काळूरामने. हा खाडीपलीकडचा आगरी. आधी रेतीच्या होड्या चालवायचा, नंतर जमिनीच्या व्यवहारात पडला. एका शाळेच्या समारंभात आबासाहेबांचं भाषण ऐकून तो तडक घरी आला आणि उंबऱ्याशी उभा राहून माईला म्हणाला, "माईसायेब, सायेब आपल्यावानीच बोलतान. डोला म्हंतान, काला म्हंतान. यो मानूस आपला हाय." आगरी बोलीत ळ नसतो. इंग्रजी शाळेत हरवलेला आमच्या घरचा ळ खाडीकाठच्या गावांनी आपलेपणाची खूण म्हणून उचलला. तिकडे गणेशपुरी, अकलोलीकडच्या भातशेतीवाल्यांचं निराळंच. साहेबांच्या टोपीवर नांगर आहे म्हणून ते खूष. नांगर होताच, फक्त जहाजाचा. अशा दोन गैरसमजांवर माझे वडील आमदार झाले, आणि दोन्ही त्यांनी गोड मानून घेतले. मला मात्र लहानपणापासून चुका दुरुस्त करायची खोड. संध्याकाळी ब्रिजवर त्यांना समोर बसवून मी शिकवायची: जीभ उलटी करा, टाळूला लावा, म्हणा, तुळजा. ते जीभ बाहेर काढून दाखवायचे, 'तुलजा' म्हणायचे आणि डोळे मिचकावून सांगायचे, "ही जीभ वलली तर मी निवडणूक हरलो समज." तेव्हा ते किती हसत. ते हसू मला अजून दिसतं, पण त्याला आता आवाज नाही.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि तोतरा. त्याचं सगळ्यात मोठं वैर त या अक्षराशी. त्यामुळे माझं नाव म्हणजे त्याची परीक्षाच. त, त, त करताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, मान ताठ व्हायची, पण एकदा ते सुटलं की पुढचा ळ असा स्वच्छ, ठसठशीत यायचा, की तसा मी पुढे शिक्षकांच्या तोंडूनही ऐकला नाही. आबासाहेब त्याच्यावर ओरडत नसत, पण तो बोलायला लागला की खिडकीबाहेर बघत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. एकदा जेवताना पाहुणे होते. भाऊला काहीतरी हवं होतं आणि ते तोंडातून निघेना. मग त्याने एकदम मान मागे टाकली आणि "पोली वाढा" म्हटलं. हुबेहूब. त्या वयात तो भरदार आवाज त्याच्यात कुठून आला कोण जाणे. सगळे चाट पडले. आबासाहेब पोट धरून हसले आणि पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. त्या दिवशी भाऊला कळलं, की त्या आवाजात तो अडखळत नाही. मग शाळेतली कविता त्या आवाजात, कॉलेजातली तोंडी परीक्षा त्या आवाजात. माझ्याशी मात्र तो स्वतःचं बोलायचा, अडखळत, थुंकी उडवत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आपल्याकडे कुणीतरी मौल्यवान वस्तू ठेवायला दिली आहे असं वाटायचं.

चौऱ्याऐंशी साली गावात जे झालं, त्या दंगलीच्या संचारबंदीत आबासाहेब जीपवर उभे राहून भोंग्यातून बोलत फिरले होते. दारं लावून बसलेल्या माणसांना, या मोहल्ल्यातल्या आणि त्याही आळीतल्या, दिवसाउजेडी ऐकू आलेला तो एकच माणसाचा आवाज. म्हणून पुढच्या निवडणुकीत लोकांना आबासाहेबांपेक्षाही तो आवाज हवा होता. आणि नेमका त्याच हिवाळ्यात तो गेला. सकाळी ब्रिजवर चहा घेत ते माईला काहीतरी सांगत होते. मी समोर होते. मला आधी दिसला तो कप. तो हळूहळू कलला, चहा पांढऱ्याशुभ्र पँटवर ओघळायला लागला, आणि ज्या माणसाने आयुष्यात कपड्यावर सुरकुती पडू दिली नाही, त्याला त्याचा पत्ताही नव्हता. ते आनंदाने बोलत राहिले, फक्त त्यात शब्द नव्हते. चेहरा त्यानंतर कलला. डॉक्टर म्हणाले जीव वाचेल, वाचा येणार नाही. माईने त्याच दुपारी दारं बंद केली. ती मोठ्या घरची. घराण्याचं नाव पडू द्यायचं नसतं, यापलीकडे तिला राजकारण कळत नव्हतं. साहेबांना ताप आहे असं बाहेर सांगितलं. सामानाच्या खोलीत खिडकीला गोधड्या लावून काळूरामने टेपरेकॉर्डर मांडला आणि भाऊ मान मागे टाकून बोलला. एकदाही न चुकता. बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता आणि इतका सुखी दिसत होता की मला त्याचा राग आला.

पण लोकांना साहेबांना बघायचं होतं. म्हणून एका रविवारी सकाळी आबासाहेबांना पांढरा गणवेश चढवला, टोपी घातली, ब्रिजवर खुर्चीत बसवून कमरेला उपरण्याने बांधलं. खुर्चीमागे भाऊ उकिडवा बसला, त्यांच्या कोपराला खालून हात लावून. मी शेजारी उभी होते, टोपी सांभाळायला. खाली अंगणात, रस्त्यावर माणसंच माणसं. त्यांच्या मधोमध रिक्षा, रिक्षावर कर्णा. कॅसेट सुरू झाली आणि भाऊने हात उचलला. लोक रडले. मी रडले नाही, मी आबासाहेबांकडे बघत होते. आधी ते नुसते ऐकत होते, कुठेतरी भेटलेल्या माणसाचा आवाज ऐकावा तसे. "मी तुमच्या डोल्यांत पाहून बोलतोय," कर्णा म्हणाला, तेव्हा त्यांना कळलं. त्यांचे डोळे आपल्याच उचललेल्या हातावर गेले. मग त्यांनी मोठ्या कष्टाने मान माझ्याकडे वळवली, आणि महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून शब्द आला. "तुळजा." स्वच्छ. वाकड्या झालेल्या तोंडात ती जीभ आपोआप उलटी पडली होती आणि मी इतकी वर्षं मागितलेला ळ त्यांनी मला दिला. खालच्या गलक्यात भाऊला तो ऐकू गेला नाही. मी खाली जाऊन माईला सांगितलं. ती म्हणाली, तुला भास झाला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. निवडून आले आणि चार दिवसांत गेले. त्यांना अंघोळ घालत होते तेव्हा बाहेर रस्त्याने त्यांच्याच आवाजात मतदारांचे आभार मानणं चालू होतं, कुणाला ते थांबवायचं सुचलं नाही.

माझ्याजवळ त्यांचा खरा म्हणावा असा तेवढा एक शब्द होता. पण तोही धड आठवेना, कारण आठवायला गेलं की रिक्षातला आवाज पुढे होऊन 'तुलजा' म्हणायचा. मी शाळेजवळ दोन खोल्यांत एकटी राहते. जहागीरदारांची लेक पालिकेच्या शाळेत लूमवाल्यांच्या पोरांना बाराखडी शिकवते याचं माईला दुःख होतं, पण माझं बरं चाललं होतं. त्या आठवड्यात मात्र मला भाजीवाल्याशी बोलायचीही धास्ती वाटायला लागली, माझ्याही तोंडून तोच आवाज निघाला तर. वर्गात मी ळ घ्यायचं टाळलं. मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळी सुनीती वहिनी फाटकाशी उभी दिसली. भाऊची बायको तशी कधी तक्रार करणारी नाही. आम्ही रसवंतीत बसलो, तिने रस घेतला पण प्यायली नाही. म्हणाली, आधी प्रचारात तेवढं बोलायचे, आता घरातही तसंच बोलतात, झोपेतही तसंच. धाकटी लेक त्यांच्याशेजारी जेवायला बसत नाही, बाबा कुठे गेले म्हणून बाबांसमोरच विचारते. "वन्सं, मी लग्न केलं ते अडखळणाऱ्या माणसाशी," ती म्हणाली. "तुमच्याशी ते स्वतःचं बोलायचे. तुम्हीच एकदा बघा." मी येते म्हटलं. आबासाहेब परत मिळणं आता शक्य नव्हतं, ते मला कळत होतं. निदान भाऊ परत आला तर तो आवाज रिक्षातून, गावातून, माझ्या कानातून उतरेल, आणि त्याखाली दबलेली जागा मोकळी होईल, असं माझ्या मनात होतं.

शुक्रवारी मी बंगल्यावर गेले. लूम बंद, सगळं गाव कानाला दडे बसल्यासारखं. खाडीला ओहोटी होती. ओसरीवर माई तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात समोरून रिक्षा गेली, "मी कमांडर भवानराव इनामदार बोलतोय." शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, एकीने हातसुद्धा जोडले. माईने मान वर केली नाही. आबासाहेब होते तेव्हा त्यांचा आवाज दुरून जरी आला तरी तिचा हात आपोआप पदराकडे जायचा, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय ती त्यांच्या आवाजासमोर कधी राहिली नाही. या आवाजासाठी तिने तो कधी घेतला नाही, पंच्याऐंशीतही नाही. मला वाटतं, तेवढा खरेपणा तिने स्वतःपुरता राखला होता. "वर आहे," ती म्हणाली, आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

भाऊ ब्रिजवर आबासाहेबांच्या खुर्चीत बसला होता. पांढरा सदरा, पांढरी पँट, हातात चहाचा कप. मला बघून त्याने मान मागे टाकली. "ये, तुलजा. वेलेवर आलीस. नवी कॅसेट करायचीय. तुझा कान हवा." प्रत्येक तुकड्यानंतर तो थांबत होता, आणि त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. मी त्याच्यासमोर खाली बसले, लहानपणी आबासाहेबांसमोर बसायची तशी. म्हटलं, माझ्याशी तरी तुझ्या आवाजात बोल. तो हसला. हसूही त्यांचंच.

"म्हण, तुळजा," मी म्हटलं.

"तुलजा."

"जीभ उलटी कर. टाळूला लाव. तुला यायचं, भाऊ. आबासाहेबांना नव्हतं येत, तुला यायचं."

त्याने दोन-तीनदा करून पाहिलं, आधी थट्टेने, मग मन लावून. तुलजा, तुलजा. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं की तो घाबरलाय. "वलत नाही," तो म्हणाला. "मी बोलायला तोंड उघडतो. तोवर ते बोलून गेलेले असतात." हे सुद्धा तो त्यांच्याच आवाजात म्हणाला, भाषणातल्यासारखं. मला त्याची अशी माया आली, की इतक्या वर्षांचा सगळा राग विरघळून गेला. मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, अडखळ. कुणी नाही इथे, कुणी खिडकीबाहेर बघणार नाही. मला घाई नाही.

त्याने डोळे मिटले. गावात कुठे एक लूम चालत नव्हता. दुपारच्या उजेडात खाडीचा चिखल चकाकत होता आणि ओसरीवर तांदूळ निवडल्याचा आवाज थांबला होता. माई जिना चढून येत होती, तिला गुडघ्यांमुळे वेळ लागतो. भाऊचे ओठ हलले. "त," तो म्हणाला. "त... त..." त्याची मान ताठ झाली, मिटल्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, अगदी तसंच. मी आनंदाने रडायलाच लागले. मी नुसती मान हलवत होते, हो, हो, ये. मग ते सुटलं.

"तुळजा," तो म्हणाला.

ठसठशीत, स्वच्छ ळ. आवाज हलका, जरा घोगरा, त्यात ना भाषण ना थांबणं. मी म्हटलं, पुन्हा म्हण. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसला, आणि जराही न अडखळता पुन्हा म्हणाला, "तुळजा." माझा भाऊ परत आला होता. माझ्या बोटांवर काहीतरी गरम पडलं. मला वाटलं, माझंच पाणी. मी खाली पाहिलं. त्याच्या हातातला कप हळूहळू कलत होता, चहा त्याच्या मनगटावरून, माझ्या बोटांवरून, पांढऱ्या पँटवर ओघळत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मी सुनीतीला हाक मारली, डॉक्टरांना बोलव म्हणून ओरडले, हाक बंगलाभर गेली असेल. तो आनंदाने माझ्याकडे बघत होता. "तुळजा," तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि या वेळी मी तो आवाज ओळखला. जिन्याच्या तोंडाशी माई येऊन उभी होती. तिने पदर डोक्यावर घेतला.